कूलंटमध्ये तेल दिसलं? हेड खोलायच्या आधी हे तपासा

बॉनेट उघडलं, कूलंटच्या बाटलीत डोकावलं आणि हिरव्या किंवा गुलाबी पाण्याऐवजी दूध घातलेल्या कॉफीसारखा घट्ट लगदा दिसला, की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येतं: "हेड गॅस्केट गेलं." म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील फाटलं. कधी ते खरंही असतं. पण कूलंटमध्ये तेल शिरायच्या वाटा चार-पाच आहेत आणि त्यातल्या काही हेडला हातही न लावता दुरुस्त होतात. हेड उतरवणं, फेसिंग (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणं), नवे बोल्ट, गॅस्केट सेट, टायमिंग पुन्हा जुळवणं असं आठवड्याचं काम करून गाडी बाहेर आली आणि पंधरा दिवसांत बाटली पुन्हा तपकिरी झाली, तर गेलेले पैसे परत येत नाहीत. म्हणून तपासणी एका क्रमाने करायची, स्वस्त आणि सोपी चाचणी आधी, महागडी शेवटी. हा लेख पहिल्यांदाच या भानगडीत पडलेल्या गाडीमालकासाठी आणि शिकाऊ मेकॅनिकसाठी आहे.

आधी गाडी थांबवा

लगदा दिसल्यावर "घरापर्यंत जाऊ, मग बघू" असं करू नका. कूलंटमध्ये तेल गेलं तर रेडिएटरच्या बारीक नळ्यांना आतून तेलाचा थर बसतो, उष्णता बाहेर पडत नाही, आणि मुंब्रा बायपासच्या किंवा गायमुख घाटाच्या चढावर काटा लाल पट्टीत जातो. उलट दिशेने, म्हणजे इंजिन ऑइलमध्ये कूलंट गेलं असेल, तर नुकसान याहून लवकर होतं. क्रँकच्या बेअरिंगांना लागणारा तेलाचा पातळ थर पाण्याने तुटतो आणि थोड्याच अंतरात बेअरिंग खराब होतात. गाडी ऑटोमॅटिक असेल तर टो करताना चाकं रस्त्यावर फिरू न देणारा फ्लॅटबेड मागवा.

झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचं. गरम इंजिनातलं कूलंट दाबाखाली शंभर अंशांच्या वर असू शकतं, झाकण फिरवताच ते उकळत उसळतं आणि चेहरा, हात भाजतात. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी तपासणं सगळ्यात चांगलं, नाहीतर निदान दोन तास थांबा. काही गाड्यांचा रेडिएटर फॅन चावी काढल्यावरही अचानक सुरू होतो, त्यामुळे बोटं पात्यांपासून लांब ठेवा.

बाटलीतला रंग काय सांगतो

टॉर्च घ्या आणि बाटलीच्या आत, झाकणाच्या खालच्या बाजूला आणि रेडिएटरचं झाकण वेगळं असेल तर त्याच्या गळ्याशी नीट बघा.

तपकिरी, मलईसारखा, बोटाला चिकटून राहणारा लगदा म्हणजे इंजिन ऑइल आणि कूलंट घुसळून झालेलं मिश्रण. गुलाबी, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दुधाळ दिसत असेल तर ते बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल आहे. इथे घाई नको, कारण बऱ्याच गाड्यांचं मूळ कूलंटच लाल किंवा गुलाबी असतं. फरक पारदर्शकतेत आहे. नुसतं कूलंट सरबतासारखं आरपार दिसतं, तेल मिसळलेलं दुधाळ आणि गढूळ दिसतं.

तेल नसतानाही तेलासारखं दिसणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि नवखे इथेच फसतात. वर्षानुवर्षं नळाचं किंवा बोअरवेलचं पाणी टॉप-अप केलेल्या गाडीत गंज साठतो. तोही तपकिरी असतो, पण बोटांत चोळला की बारीक रेतीसारखा लागतो आणि तळाशी बसतो. दोन वेगळ्या प्रकारची कूलंट एकमेकांत मिसळली, तर काही वेळा जेलीसारखा साका धरतो. आधीच्या मालकाने गळती बुजवायची पावडर किंवा लिक्विड टाकलं असेल, तर तपकिरी कण आणि गाळ सापडतो. पृष्ठभागावर फक्त इंद्रधनुषी पापुद्रा असेल, तर तेलकट फनेलने टॉप-अप केल्यामुळेही तो येतो. डिझेल गाडीत काळी काजळी तरंगत असेल, तर ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये शिरत नाहीत ना, हे आधी बघावं लागतं.

म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, नमुना काढा.

काचेच्या बाटलीची चाचणी

मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा आणि तिच्या तोंडाला वीतभर रबरी नळी लावा. कूलंटच्या बाटलीतून पृष्ठभागावरचा आणि मधला असा मिळून १०० मिली नमुना ओढा. स्वच्छ, पारदर्शक काचेच्या बाटलीत तो ओतून तेवढंच कडकडीत पाणी घाला, झाकण लावून हळू हलवा आणि रात्रभर उभी ठेवून द्या. लगदा फार घट्ट असेल तर बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात तासभर ठेवा, उष्णतेने मिश्रण लवकर फुटतं.

सकाळी बाटली न हलवता उजेडासमोर धरा. कूलंट पाण्यात पूर्ण विरघळलेलं असेल. गंज आणि पावडर तळाशी बसलेली असेल. तेल मात्र वर येऊन कडेने वेगळं वलय धरेल, आणि त्या वलयाचा रंग पुढची दिशा दाखवतो. काळं असेल तर डिझेल इंजिनचं ऑइल, मधासारखं किंवा तपकिरी असेल तर बहुधा पेट्रोल इंजिनचं, लालसर असेल तर गिअरबॉक्सचं.

खात्रीसाठी त्या वलयातला एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका आणि कागद पूर्ण वाळू द्या. मग डागावर पाण्याची धार सोडा. कूलंटमधलं ग्लायकॉलही हाताला बुळबुळीत लागतं, पण पाण्याने ते धुऊन जातं. तेलाचा डाग जात नाही, आणि कागद पुन्हा वाळल्यावर भज्यांच्या कागदासारखा आरपार दिसतो.

हे सगळं मुलांपासून आणि सोसायटीतल्या कुत्र्या-मांजरांपासून लांब करा. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. सांडलेलं डबकं कुत्रा चाटतो आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतो.

ऑइलची पट्टी आणि वरचं झाकण

आता डिपस्टिक काढा. ऑइल नेहमीच्या रंगाचं आहे का, पातळी वाढली आहे की घटली आहे? पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक छोट्या गाड्यांत सुमारे १ लिटरचं अंतर असतं. कूलंटच्या बाटलीत लगदा आणि पट्टीवर ऑइल घटलेलं पण स्वच्छ, असं असेल तर तेल एकाच दिशेने जातंय. ऑइल दुधाळ आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर, म्हणजे पाणी इंजिनात उतरलंय. मग इंजिन पुन्हा सुरू करायचं नाही.

शंका असेल तर एक जुनी पण विश्वासाची युक्ती आहे. स्टीलचं झाकण गॅसवर चांगलं तापवा, गॅस बंद करा आणि पट्टीवरचा ऑइलचा एक थेंब त्यावर सोडा. नुसतं ऑइल शांतपणे पसरून धूर सोडतं. पाणी असेल तर फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडतं. डोळ्यांवर चष्मा हवाच.

इथे पावसाळ्याची एक गोष्ट सांगायला हवी. जुलै-ऑगस्टमध्ये ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट मलई दिसली, की लोक घाबरून गॅरेज गाठतात. पाचपाखाडीहून ठाणे स्टेशन, किंवा वाशीतल्या एका सेक्टरमधून दुसऱ्या सेक्टरमध्ये, एवढ्याच दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं ऑइल पुरेसं तापतच नाही. दमट हवेतली वाफ झाकणाखाली थंड होऊन ऑइलमध्ये घुसळली जाते. कूलंट स्वच्छ आहे, त्याची पातळी घटत नाही, पट्टीवरचं ऑइलही स्वच्छ आहे, असं असेल तर झाकण पुसा, गाडी ४० मिनिटं सलग चालवा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा. मलई नाहीशी झाली तर काळजी संपली. पण या तिन्हीतली एक जरी गोष्ट बिघडलेली असेल, तर हा प्रयोग करू नका.

दिशा कशावरून ठरते

निदानाचा गाभा दाबात आहे. इंजिन गरम होऊन चालू असताना ऑइलचा दाब साधारण २ ते ४ बार असतो, कूलंटचा मात्र झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच, म्हणजे ०.९ ते १.४ बार. त्यामुळे तेल आणि पाणी यांच्यामधली भिंत कुठेही फुटली, तरी इंजिन चालू असताना तेल पाण्याकडे ढकललं जातं. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब लगेच शून्यावर येतो, पण गरम कूलंट अजून दाबाखाली असतं, तेव्हा पाणी तेलाकडे जाऊ शकतं.

कूलंटमध्ये भरपूर तेल आणि पट्टीवर स्वच्छ ऑइल, असं असेल तर पहिला संशय ऑइल कूलरवर घ्या. त्यात पातळ पत्र्याच्या एकाआड एक थरांतून दाबाखालचं तेल आणि कूलंट अगदी शेजारून वाहतात. एक सांधा फुटला की पुरे. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, विस्टा यांत आलेल्या १.३ लिटर डिझेल इंजिनात हा कूलर ऑइल फिल्टरच्या हाउसिंगलाच जोडलेला आहे, आणि तो बदलायला हेड उतरवावं लागत नाही. उलट बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांत ऑइल कूलर नसतोच. तिथे हेड गॅस्केट आणि हेडमधली चीर हेच मुख्य संशयित राहतात. म्हणून आपल्या गाडीत कूलर आहे का, हे सर्वांत आधी शोधा. ऑइल फिल्टरच्या मुळाशी दोन जाडसर पाण्याचे पाइप येत असतील, तर आहे.

गाडी टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी प्रकारची ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलरही बघायचा. काही गाड्यांत तो रेडिएटरच्या टाकीच्या आतच असतो, काहींत गिअरबॉक्सवर बसवलेला असतो. तो फुटला तर कूलंट गिअरबॉक्समध्येही शिरतं आणि क्लच प्लेटांचं अस्तर सुटायला लागतं. एएमटीमध्ये ही भानगड नसते, तो मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, फक्त क्लच-गिअर मशीन हलवतं.

आणि एक शक्यता नेहमी विसरली जाते. वर्षभरापूर्वी कोणी कूलर किंवा गॅस्केट बदलला असेल आणि आतून नीट धुतलं नसेल, तर तेच जुनं तेल सुटून पुन्हा वर येतं. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाला हे जरूर विचारा.

चाचण्या, क्रमाने

कूलंटची प्रेशर टेस्ट पहिली. हातपंपाचा टेस्टर बाटलीच्या तोंडाला लावून झाकणावरच्या आकड्याइतकाच दाब भरायचा, १.१ असेल तर १.१ बार, त्याहून जास्त नाही. जास्त भरलात तर चांगली असलेली हीटर कॉइल फुटेल. १५ मिनिटं काटा बघत बसा. काटा उतरतोय आणि बाहेर कुठे गळत नाही, म्हणजे आत कुठेतरी जातंय. दाब तसाच ठेवून ऑइल फिल्टर काढा. हाउसिंगमधून कूलंट टपकायला लागलं तर कूलर सापडला. ऑइल चेंबरचा (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भागाचा) ड्रेन बोल्ट रात्रभर थांबून हळूच सैल केला, तर तळाशी बसलेलं पाणी तेलाच्या आधी बाहेर येतं.

काटा हलला नाही म्हणून कूलर निर्दोष ठरत नाही. १.१ बारला बंद राहणारी चीर ऑइलच्या ४ बारला उघडते. त्यासाठी कूलर काढून टेबलवर तपासायचा. तेलाच्या दोन भोकांपैकी एक रबरी बूच आणि क्लॅम्पने बंद करा, दुसऱ्याला रेग्युलेटर लावलेली हवेची नळी जोडा. पाण्याची भोकं उघडी ठेवा. बादलीत साधारण ६० अंश गरम पाणी घेऊन कूलर पूर्ण बुडवा. गरम पाणीच का, तर धातू प्रसरण पावल्यावरच उघडणाऱ्या चिरा थंड पाण्यात दिसत नाहीत. हवा १ बारपासून सुरू करून हळूहळू ४ बारपर्यंत न्या. सुरुवातीचे दोन मिनिटांचे बुडबुडे आत अडकलेल्या हवेचे असतात, ते मोजू नका. त्यानंतरही पाण्याच्या भोकातून एका लयीत, मोत्याच्या सरीसारखे बुडबुडे येत राहिले, तर कूलर फुटलाय. रेग्युलेटरशिवाय टायरचा कॉम्प्रेसर थेट जोडू नका, बूच उडून डोळ्याला लागतं.

गिअरबॉक्सचा संशय असेल तर रेडिएटरला आलेले त्याच्या तेलाचे दोन पाइप काढून कूलंटला दाब द्या आणि रेडिएटरच्या त्या तोंडांतून पाणी येतं का ते बघा.

आता हेड. निळ्या द्रवाचा ब्लॉक टेस्टर वापरायचा. कूलंटची पातळी थोडी कमी करा, नाहीतर ते टेस्टरमध्ये ओढलं जाऊन निकाल बिघडतो. इंजिन गरम करून चालू ठेवा आणि बाटलीतली हवा दोन मिनिटं निळ्या द्रवातून ओढा. ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये येत असतील तर द्रव पिवळा होतो, डिझेलला बहुधा हिरवट. असा रंग बदलला तर हेड खोलायलाच हवं. निळा राहिला तर मात्र हेड सुटलं असं समजू नका, कारण गॅस्केट ऑइलचं भोक आणि पाण्याची वाट यांच्यामध्येच फाटलं असेल तर सिलिंडरचा वायू त्यात येतच नाही. कॉम्प्रेशन टेस्टचंही (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजण्याचंही) असंच आहे. एक-दोन शेजारचे सिलिंडर इतरांपेक्षा खूपच कमी असतील तर पुरावा मिळाला, सगळे सारखे असतील तर काहीच सिद्ध झालं नाही.

इतकं झाल्यावरच हेडला हात. गॅरेजवाल्याला सरळ सांगा, "दादा, हेड खोलायच्या आधी कूलर बादलीत टेस्ट करून दाखवा, आणि जुने पार्ट ठेवून द्या." चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही. हेड उतरल्यावर सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) वाक मोजायचा. अनेक इंजिनांत ०.०५ मिमी ही मर्यादा असते, पण आपल्या इंजिनाची मॅन्युअलमधली बघा. फेसिंगला देताना वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापे पट्ट्यातल्या वर्कशॉपला हेडची गरम पाण्यातली प्रेशर टेस्टही करायला सांगा, कारण चिरलेलं हेड फेस मारून बरं होत नाही. बोल्ट ताणून बसणारे (आवळल्यावर कायमचे ताणले जाणारे) असतील तर ते नवेच घालायचे.

धुणं, हे अर्धं काम आहे

दोष दुरुस्त झाल्यावरच धुवायचं. साधं भांड्यांचं लिक्विड इंजिनात घालू नका. फेस झाला की वॉटर बॉडीला (पाण्याच्या पंपाला) पाणी ढकलता येत नाही, हवा अडकते आणि तापमान चढतं. रॉकेल, डिझेल, पेट्रोल तर मुळीच नको, रबर फुगतं आणि आगीचा धोका वेगळाच. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, आणि आजची रेडिएटरं ॲल्युमिनियमचीच असतात.

थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून ठेवा. कूलंटची बाटली वेगळी काढून गरम पाण्याने धुवा, हिच्यासाठी भांड्यांचं लिक्विड चालेल. इंजिनात गरम पाणी आणि तेल काढणारा रेडिएटर फ्लश त्याच्या डब्यावरच्या मापाने भरा. फ्लश नसेल तर डिशवॉशर मशीनची फेस न होणारी पावडर, ५ लिटरच्या सिस्टीमला दोन-तीन मोठे चमचे, आधी पाण्यात पूर्ण विरघळवून. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, नाहीतर हीटर कॉइलमधलं तेल तसंच राहील. २० मिनिटं आयडलवर चालवा, कोमट होऊ द्या, सोडा. मग साधं पाणी भरून पुन्हा. लगदा जास्त असेल तर पाच-सहा फेऱ्या सहज लागतात. सोडलेलं पाणी बादलीत घेऊन दहा मिनिटं ठेवायचं, वर पापुद्रा आला तर आणखी एक फेरी.

हे पाणी गटारात सोडू नका. ठाणे-नवी मुंबईतले नाले शेवटी ठाणे खाडीत जातात, आणि त्या खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. कॅनमध्ये भरून, जळकं ऑइल रीतसर रिसायकलिंगला देणाऱ्या गॅरेजकडे द्या.

कूलंटचे रबरी पाइप टोकांशी दाबून बघा. तेल प्यायलेलं रबर मऊ, फुगीर आणि चिकट लागतं. असे पाइप आज टिकले तरी पुढच्या उन्हाळ्यात माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये फुटतील, आत्ताच बदला. थर्मोस्टॅट आणि प्रेशरचं झाकणही नवं घाला, दोन्हींत रबर असतं. ऑइलमध्ये पाणी गेलं होतं तर ऑइल-फिल्टर आता एकदा आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

शेवटची विसळणी डिस्टिल्ड वॉटरने करा. भरताना एक हिशोब चुकतो: ब्लॉकमध्ये धुण्याचं लिटरभर पाणी राहिलेलंच असतं, त्यात तयार ५०:५० कूलंट भरलं की ते पातळ होतं. म्हणून क्षमता ५ लिटर असेल तर आधी २.५ लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) ओता, मग उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. हीटर चालू ठेवून, वरचा पाइप अधूनमधून दाबत, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत हवा काढा.

१०० किलोमीटरला, मग ५०० ला, थंड इंजिनात बाटली बघा आणि दर वेळी त्याच कोनातून मोबाइलवर फोटो काढा. पहिल्या आठवड्यात बारीक पापुद्रा येऊ शकतो, तो कोपऱ्यांत राहिलेल्या तेलाचा असतो. टिश्यूने टिपून घ्या. प्रत्येक फोटोत तो कमी होत गेला आणि डिपस्टिकवरची पातळी जागची हलली नाही, तर काम बरोबर झालंय. वाढत गेला किंवा पातळी खाली आली, तर पुन्हा काचेच्या बाटलीपासून सुरुवात करा.